कोमल गंधारातला पंखा

माझ्या संगीताच्या अ‍ॅपने परवा वर्षाचा निकाल लावला. त्यात माझा सर्वांत लाडका कलाकार म्हणून टेबल फॅन पहिला आला.

टेबल फॅन नावाचा कुठला बँड नाही. टेबल फॅन म्हणजे टेबल फॅन. जाळी, पाती, मान फिरवायची खुंटी. जांभळ्या रंगाचं एक कार्ड सरकत आलं, त्यावर पंख्याचा फोटो आणि खाली अभिनंदन : 'ह्या कलाकाराच्या सर्वांत निष्ठावान एक टक्का श्रोत्यांत तुम्ही आहात!' पुढच्या कार्डावर माझी वर्षभराची मनोवस्था होती : 'शांत, एकसुरी, किंचित वारा.'

एवढ्यावर मी फोन उपडा ठेवून गप्प बसलो असतो. पण फोन माझ्या हातात नव्हता, भाचीच्या हातात होता. तिला घरातल्या सगळ्यांचे निकाल बघायचे होते. 'मामा, तुझं काय असणार, बागेश्री नाहीतर भीमपलास,' असं म्हणत तिने कार्डं सरकवली आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून ही आतून धावत बाहेर आली. पुढच्या मिनिटाला कार्ड नातेवाइकांच्या ग्रुपवर होतं. मेव्हण्याने विचारलं, 'कितीच्या स्पीडवर?' साडूने नुसतेच हात जोडले. आत्याने कार्ड न उघडताच आशीर्वाद दिला, की संगीत ऐकत राहावं, मन प्रसन्न राहतं.

खुलासा मागितला नाही कोणी, तरी देतो. मला पंख्याच्या आवाजाशिवाय झोप येत नाही आणि हिला पंख्याचा वारा सोसत नाही. वारा नको, आवाज हवा, म्हणून रात्री फोनवर पंख्याचा आवाज लावून ठेवायचा असं ठरलं. संसारात याहून वाईट तह होतात. ह्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. तिकडे कोणीतरी मोजत बसलंय एवढंच आम्हाला माहीत नव्हतं.

आणि मोजण्याची रीत तरी काय! ह्या धंद्यात तीस सेकंद वाजलं की 'एकदा ऐकलं' अशी नोंद होते. मग पुढे ते एकतीस सेकंदांत संपो की तासभर चालो, नोंद एकच. मी संध्याकाळी फोन लांब ठेवून, दिवा मंद करून पंचावन्न मिनिटांची बागेश्री ऐकतो. आलाप, बढत, द्रुत, सगळं. नोंद : एक. पंख्याचा अल्बम मात्र तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत कापलेला असतो. आठ तासांची झोप म्हणजे १६० तुकडे. थोडक्यात, आयुष्यभर कान घडवून मी जे मिळवलं ते एका रात्रीत १६० विरुद्ध १ असं हरतं, आणि तेसुद्धा मी घोरत असताना. घोरण्याची नोंद कोणाच्या नावावर होते ते अजून कळलेलं नाही. पुढच्या वर्षी कळेल.

पंखा दर तीन मिनिटांनी का संपतो, असा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. पंख्याला काही तिहाई घ्यायची नसते. पण पैसे नोंदीवर मिळतात, लांबीवर नाही. मग लांब कशाला करतील? ही मेख काही लोकांनी फार आधी ओळखली होती. व्हल्फपेक नावाच्या अमेरिकन बँडने २०१४ साली 'स्लीपिफाय' हा अल्बम काढला. दहा तुकडे, प्रत्येक तीस सेकंदांहून जेमतेम मोठा, आणि दहाही तुकड्यांत निखळ शांतता. चाहत्यांना सांगितलं, झोपताना लावून ठेवा. स्पॉटिफाय ह्या संगीताच्या अ‍ॅपने तो अल्बम काढून टाकेपर्यंत वीसेक हजार डॉलर जमले होते. त्या पैशांत त्यांनी तिकीट न लावता दौरा केला. मला हे लोक आवडतात. निदान त्यांनी शांतता तरी विकली. आमच्या पंखेवाल्याने कुठला दौरा केल्याचं ऐकिवात नाही.

पुढे २०२३ च्या अखेरीस स्पॉटिफायने जाहीर केलं की पाऊस, पंखा, खरखर वगैरे आवाजांचे तुकडे निदान दोन मिनिटांचे असले तरच त्यांचे पैसे मिळतील, आणि गाण्याच्या मानाने कमीच मिळतील. म्हणजे पंखा आणि गाणं ह्यांतला फरक पैसे द्यायच्या वेळी लोकांना बरोबर कळतो. तो माझ्या कार्डावर का कळत नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

आणि हे मोजणं सुरू कसं झालं? कोणी लादलं नाही. २००२ साली इंग्लंडमध्ये साउदम्प्टनला एका विद्यार्थ्याने ऑडिओस्क्रॉबलर नावाचा प्रकल्प केला. कॉम्प्युटरवर वाजलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद ठेवायची. लोकांनी ती आनंदाने ठेवू दिली. माझ्या ओळखीतला एक गृहस्थ घराबाहेर पडताना मुद्दाम कठीण, प्रतिष्ठित संगीत लावून जायचा. रिकाम्या खोलीत दिवसभर थोर माणसं गायची आणि संध्याकाळपर्यंत ह्याची अभिरुची वाढलेली असायची. त्याच्या आधी वॉकमन होता, १९७९ सालचा. त्यात मी काय काय ऐकलं ते मी आजही कोणाला सांगणार नाही, आणि मुख्य म्हणजे वॉकमननेही सांगितलेलं नाही. बॅटरी संपत आली की गायकाचा आवाज खोल जायचा, तेवढीच काय ती त्याची तक्रार.

असो. हे सगळं मी गिळलं असतं. पण मग तो मुलगा आला.

भाचीचा मित्र. खांद्यावर माठाएवढे हेडफोन, हातात वही. दारातच उभा राहिला. मी बस म्हटल्यावर खुर्चीच्या कडेला बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

'काका, तुमचं कार्ड पाहिलं,' तो म्हणाला. 'एक टक्का!'

टिंगल करायला लोक इतक्या लांबून येत नाहीत, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. मी म्हटलं, 'अरे, ते चुकून—'

'नाही हो काका. चुकून एक टक्का होत नाही. मी स्वतः अजून पाच टक्क्यांत आहे. मधे पावसाकडे वळलो होतो, त्यात एक वर्ष वाया गेलं.'

'पावसात वाईट काय आहे?'

'पाऊस सगळेच ऐकतात.'

हे त्याने अशा सुरात सांगितलं की मला पावसाबद्दल वाईट वाटलं.

'टपटप येते, मधेच ढग गडगडतात. टाळ्या घ्यायचं काम आहे ते. पंख्यात तसं काही नाही. पंखा ऐकायला बैठक लागते.'

'मी झोपून ऐकतो,' मी म्हणालो.

'तेच!' तो म्हणाला. 'तेच म्हणतोय मी.' आणि त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग त्याने माझा पंखा ऐकायला मागितला. ब्लूटूथवर लाव म्हटलं तर त्याने हात मागे घेतला. ब्लूटूथ आवाज परत एकदा दाबतं म्हणे, आणि दाबलेला पंखा तो ऐकत नाही. वायर लावायची तर माझ्या फोनला भोकच नाही. (२०१६ साली अ‍ॅपलने आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं आणि व्यासपीठावरून त्याला 'धैर्य' म्हटलं. मग बाकीच्यांनाही एकेक करून धैर्य आलं. त्या धैर्याचा परिणाम म्हणून आपण कानात घालायच्या वस्तूही रात्री चार्जिंगला लावतो.) मुलाने खिशातून बोटभर लांबीची जोडवायर काढली, हेडफोन लावले, डोळे मिटले.

बराच वेळ काही झालं नाही. एकदा त्याने भुवई वर केली. एकदा मान हलवली, जशी आपण सम आल्यावर हलवतो. पंख्यात सम कुठे आली हे मला कळलं नाही आणि ते कळलं नाही ह्याचा उगाच राग आला. शेवटी त्याने डोळे उघडले.

'काका, हा पंखा इथला नाही.'

'म्हणजे?'

'अमेरिकेतला असेल. नाहीतर कॅनडा. जपान म्हटलं तर पश्चिम जपान. पूर्व जपान शक्यच नाही.'

मी हिच्याकडे पाहिलं. ही दारात उभी होती आणि तिला हा मुलगा आवडू लागला होता, हे मला चेहऱ्यावरून दिसत होतं.

त्याने समजावून सांगितलं. पंख्याची मोटर विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा ओढली जाते. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची असेल तर मोटर १०० वर गुणगुणते, ६० हर्ट्झची असेल तर १२० वर. आपली वीज ५० ची, आणि हा १२० वर आहे. जपानमध्ये पूर्वेला ५० आहे आणि पश्चिमेला ६०, म्हणून तो खुलासा. मला खोटं वाटेल म्हणून त्याने फोनवर आलेख काढून दाखवला. खरोखरच १२० वर एक सुळका उभा होता. 'पोलीससुद्धा ऐकतात,' तो म्हणाला. रेकॉर्डिंग अस्सल आहे की मधे कापून जोडलंय, हे तपासायला न्यायवैद्यक तज्ज्ञ हीच विजेची गुणगुण बघतात, कारण विजेच्या जाळ्यातली वारंवारता सतत किंचित हलत असते आणि तो हलण्याचा ठसा रेकॉर्डिंगवर उमटतो. हे खरं आहे, मी नंतर वाचलं. म्हणजे माझ्या झोपेची चौकशी झालीच तर पंखा साक्षीला उभा राहू शकतो.

'शंभराला षड्ज धरा काका,' तो म्हणाला. 'मग हा कुठे येतो?'

मला उत्तर द्यायचं नव्हतं. पण आयुष्यभराची खोड. शंभराला षड्ज, तर एकशे वीस म्हणजे सहास पाच.

'कोमल गंधार,' मी म्हणालो.

'बरोब्बर कोमल गंधार. शुद्ध प्रमाणात. तुम्ही वर्षभर कोमल गंधारावर झोपताय, आणि म्हणता चुकून!'

बागेश्रीत कोमल गंधार लागतो. भीमपलासातही लागतो. तो मुलगा त्या क्षणी काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यानंतर त्याला कोणी थांबवू शकलं नसतं. पांढरा गोंगाट म्हणजे सगळ्या कंपनांना समान शक्ती, म्हणून तो कानाला टोचतो. 'नवशिक्यांचा,' तो म्हणाला. गुलाबी गोंगाटात सप्तक चढलं की शक्ती निम्मी होते. ब्राउन गोंगाटात ती चौथाई होते, म्हणून तो खर्जातला, घुमारेदार. 'गुलाबीत गोडवा आहे, पण खोली नाही.' त्याच्या मते हे प्रयोगशाळेतले प्रकार झाले. पंख्यात गोंगाट आणि सूर दोन्ही एकत्र नांदतात, म्हणून पंखा श्रेष्ठ. टेबल आणि सीलिंग अशी सरळ दोन घराणी आहेत. एक्झॉस्टवाले स्वतःला तिसरं घराणं म्हणवून घेतात, पण त्यांची परंपरा नाही.

'आणि ही फाइल एमपी३च्या जातीची आहे,' तो हळहळला. 'गाणं दाबता येतं काका. गाण्यात पुढे काय येणार ह्याचा अंदाज बांधता येतो. गोंगाटाचा अंदाजच करता येत नाही, मग दाबणार काय? काही न गमावता दाबणाऱ्या फ्लॅकलासुद्धा जमत नाही. शुद्ध गोंगाटाची फाइल जेवढ्यास तेवढी राहते.'

हेही खरं आहे. आवाजाची फाइल काही न गमावता लहान करायची तर त्यात काहीतरी नियम, काहीतरी पुनरावृत्ती लागते. निव्वळ गोंगाटात तसलं काही नसतं. तीन सप्तकं फिरून आलेला गवय्या निम्म्या जागेत मावतो आणि खरखर तसूभर हटत नाही. त्या मुलाला ह्यात सौंदर्य दिसत होतं. मला आमचा नातेवाइकांचा ग्रुप दिसत होता.

ही म्हणाली, 'एवढा ऐकायचाच तर मग खरा पंखाच लावत जा की.'

'काकू,' तो कळवळून म्हणाला, 'वाऱ्याने लक्ष विचलित होतं.'

हिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की लग्न झाल्यापासून मी काय सांगतेय! वाऱ्याला त्रास म्हणणारं माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं.

त्याचं जाऊ द्या, तो बिचारा प्रेमाने बोलत होता. चीड येते ती नंतरच्या प्रकाराची. ह्या निकालाच्या जोरावर अ‍ॅपने माझ्यासाठी 'खास तुमच्यासाठी' म्हणून जी यादी बनवली आहे, तिच्यात पहिली बागेश्री आहे आणि दुसरा हेअर ड्रायर. मग एक ठुमरी, मग 'वॉशिंग मशीन, शेवटचा फेर', मग 'विमानाची केबिन, रात्रीचं उड्डाण'. ठुमरीच्या शेवटच्या बोलावरून सरळ कपडे पिळण्यावर. कोणीतरी, म्हणजे कोणीही नाही, एका गणिताने, असं ठरवलंय की मी ह्या सगळ्यांत एकच काहीतरी शोधतोय. दर महिन्याला त्याचे पैसे माझ्याच खात्यातून कापले जातात.

ग्राहक सेवेला लिहिलं. तिथे जे कोणी होतं त्याने आधी माझ्या भावना समजून घेतल्या. मग लिहिलं, 'आपल्याला हा कलाकार आवडत नसल्यास आपण त्याला ब्लॉक करू शकता.' ब्लॉक केला तर झोपू कसा? तर उत्तर आलं, 'आपल्याला झोपेसाठी आवडू शकतील असे इतर कलाकार' आणि खाली तीन पंखे. शेवटी त्या मुलानेच सांगितलं, की यादीवर बोट दाबून धरलं की मेनूच्या अगदी तळाशी 'आवडीनिवडीत धरू नका' असा एक पर्याय असतो. असतो. पण तो पुढचं धरत नाही, मागचं तसंच राहतं. एकदा पंख्याचा चाहता ठरलेला माणूस वर्षभर पंख्याचाच चाहता. शिवाय हा पर्याय तळाशी का? 'मित्रांना पाठवा' हे बटण बघा, ते पूर्ण रुंदीचं आहे, फुगीर आहे, धडधडतं आहे. माझी भाची ते चुकवूच शकली नसती.

आणि मला सांगा, माणूस झोपेत जे करतो ते त्याच्या आवडीत कसं धरता येईल? मी झोपेत कूसही बदलतो. डावी कूस माझी आवडती असं कोणी जाहीर केलेलं नाही. अर्थात मनगटावर घड्याळ बांधून झोपणाऱ्यांना तेही सकाळी कळतं म्हणे, टक्केवारीसकट.

चार दिवसांनी त्या मुलाची फाइल आली. त्याने खास माझ्यासाठी एक ५० हर्ट्झचा, अस्सल इथला टेबल फॅन रात्रभर रेकॉर्ड केला होता. फ्लॅकमध्ये, एकसंध, कुठेही न कापता. 'अ‍ॅपवर नाही काका, थेट फोनमध्ये. कोणी मोजणार नाही.' खाली लिहिलं होतं, 'मध्यम गती. मान स्थिर.'

आवाज उत्तम आहे, नाकारत नाही. शंभरावरची गुणगुण अंगात भिनते. पहिल्या रात्री मी लगेच झोपलो. मध्यरात्री हिने मला हलवून उठवलं.

'कोणीतरी खोकलं.'

'मी नाही.'

'पंख्यात.'

मागे नेऊन ऐकलं. तिसऱ्या तासात, गुणगुणीच्या मागून, एक लहानसा, दाबलेला, अदबीचा खोकला. तेव्हापासून झोप गेली आहे. आम्ही दोघं अंधारात डोळे उघडे ठेवून तिसऱ्या तासाची वाट बघतो. ही म्हणते, आज जरा लवकर आला. फाइल आहे, लवकर कशी येईल, असं मी म्हणतो, पण मलाही तसं वाटलेलं असतं.

मी त्याला फोन केला. म्हटलं, बाबा रे, पंखा सुंदर आहे, फक्त तिसऱ्या तासातला तो खोकला तेवढा काढून टाक.

पलीकडे तो काही क्षण बोलला नाही. मग म्हणाला, 'काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. लाइव्ह आहे ते.'